काळजातली लपलेली चरबी

मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज म्हणतो, ते यकृत. डॉक्टर त्यालाच लिव्हर म्हणतात. घरात कुणाचं लिव्हर निकामी झालं आणि डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी भाग देईल का?", की आई, बायको नाहीतर बहीण लगेच म्हणते, "माझं घ्या." आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायाच जास्त आहेत. म्हणून आज गोष्ट सांगते ती देणारीच्या तपासणीची.

माणसाचं यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न १९६३ साली अमेरिकेत, डेन्व्हर शहरात, डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केला. पुढची पंचवीस वर्षं यकृत घेत ते मृत माणसाचंच. लहान मुलांना त्यांच्या मापाचं यकृत मिळायचं नाही, वाट पाहता पाहता ती दगावायची. यकृताचा भाग काढला तरी उरलेलं पुन्हा वाढतं. म्हणून जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा घ्यावा, असा विचार पुढे आला. १९८८ साली ब्राझीलमध्ये तसा प्रयत्न झाला, पण मूल वाचलं नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला डॉ. रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवला आणि तो जगला. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीत एका वडिलांनी वीस महिन्यांच्या मुलाला असाच जीव दिला.

मुलाला डावीकडचा लहान तुकडा पुरतो. मोठ्या माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. १९९६ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसासाठी उजवा भाग घेतला. तो निम्म्याहून जास्त असतो. देणारीकडे उरतो शंभरातला तीस-चाळीस भाग, आणि तो वाढेपर्यंत तिचं सगळं शरीर त्याच्यावर चालायचं. मग प्रश्न आला, हा उरलेला भाग सकस आहे का? चरबी भरलेलं यकृत दुसऱ्याला बसवलं तर कधी कधी ते कामच करत नाही, हे डॉक्टरांनी आधी पाहिलं होतं. तीच चरबी देणारीलाही धोक्याची.

ही चरबी दुखत नाही, खुपत नाही. रक्ताचा रिपोर्टही चांगला येऊ शकतो. आणि ती जाड माणसालाच असते असं नाही. पश्चिम बंगालच्या खेड्यांत १,९११ लोकांची तपासणी झाली, ती २०१० साली छापून आली. शंभरात जवळपास नऊ जणांच्या यकृतात चरबी निघाली, आणि त्यांतले चारातले तीन जण जाड नव्हते. शेतात राबणारी, अंगाने बारीक बाईसुद्धा यातून सुटत नाही.

मग ती शोधायची कशी? सोनोग्राफीत चरबीचं यकृत पांढुरकं दिसतं, पण चरबी थोडी असली तर नजरेतून सुटते. सीटी स्कॅनमध्ये यकृताची तुलना शेजारच्या पाणथरीशी करतात. निरोगी यकृत तिच्यापेक्षा उजळ दिसतं, चरबी वाढली की काळवंडतं. सगळ्यात खात्रीची तपासणी सुईची. इटलीच्या मेंघिनी यांनी १९५८ साली अशी सुई दाखवली, की यकृताचा बारीक तुकडा सेकंदभरात निघतो. पण सुईने क्वचित रक्तस्राव होतो. धडधाकट बाईला तो धोका का द्यायचा? म्हणून आता एमआरआयवर चरबीचं प्रमाण मोजतात आणि शंका उरली तरच सुई लावतात. शंभरात तीसहून जास्त चरबी असली, तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. उजवा भाग घ्यायचा असेल तर मर्यादा अजून कडक.

पण नकार कायमचाच असतो असं नाही. २००४ साली दक्षिण कोरियात सोलच्या डॉक्टरांनी लिहिलं, की देणाऱ्यांनी वजन उतरवलं तेव्हा यकृतातली चरबीही उतरली. खाणं आवरणं आणि रोज चालणं, एवढ्यावर काही जणांचा नकार होकारात बदलतो. मात्र आजाऱ्याकडे तेवढा वेळ हवा. उपाशी राहून घाई करू नये. डॉक्टर सांगतील तसंच करावं.

शेवटची गोष्ट कायद्याची. २०१४ च्या नियमांत लिहिलंय, की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची संमती तिच्या मनाची आहे का, याची खात्री अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी करावी. तेव्हा तिथे खरं बोला. भीती वाटते, तर भीती वाटते म्हणा. आणि मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या एखादीला डॉक्टरांनी नकार दिला, तर "हिला द्यायचंच नव्हतं" असं कुणी म्हणू नका. चरबी तिने लपवलेली नव्हती. तिला ती माहीतच नव्हती. तो नकार तिचाच जीव राखण्यासाठी आहे.