भातपानावरचा शिकारी भुंगेरा

भूभुंगेरे, म्हणजे कॅराबिडी कुळातील भुंगेरे, बहुधा काळे असतात आणि रात्री जमिनीवर भक्ष्य शोधतात; परंतु याच कुळातील ओफिओनिया ही प्रजाती भाताच्या पानांवर वावरते आणि तांबूस अंगावरील निळसर काळ्या पट्ट्यांमुळे व लांबट मानेमुळे चटकन ओळखू येते. तिच्यातील इंडिका या जातीचे वर्णन लिनियसचा शिष्य थुनबर्ग याने 1784 मध्ये केले होते.

बेळगाव भागात निपाणीच्या बाजूला तंबाखूचे राज्य असले, तरी खानापूरच्या मलनाडापासून येळ्ळूर-वडगावच्या बासमतीच्या शिवारापर्यंत मुख्य पीक भाताचेच, आणि या भुंगेऱ्याचा खरा इतिहास भाताच्या बांधाशी जोडलेला आहे. पाने गुंडाळणारी अळी पानाची सुरळी करून आत हरितद्रव्य खरवडते. भुंगेरा आणि त्याची चकचकीत काळी अळी, दोघेही त्या सुरळीत शिरून दिवसाला तीन ते पाच अळ्या फस्त करतात, तुडतुड्यांनाही सोडत नाहीत, आणि ही काळी अळी कोषावस्था मात्र बांधाच्या मातीत काढते. पाणी अडवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला बांध अशा रीतीने पिकाच्या रक्षकालाही आसरा देत आला, ही गोष्ट शेतीच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

ती नोंद फार उशिरा झाली. कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय यांचा भारतीय किडींवरील ग्रंथ 1906 मध्ये आला, त्याचा विषय पिकांचे शत्रू हा होता; अँड्र्यूज यांनी 1929 व 1935 च्या खंडांत भूभुंगेऱ्यांचे वर्गीकरण मांडले, पण ते संग्रहालयापुरतेच राहिले. पुढे बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी आली, 1966 च्या आयआर-8 या भातवाणानंतर ठेंगण्या वाणांबरोबर नत्रखताचा मारा वाढला, कोवळ्या हिरव्या पानांवर पाने गुंडाळणारी, एकेकाळची दुय्यम अळी प्रमुख कीड होऊन बसली, आणि तिच्यावर मारलेल्या औषधाने तिचे शिकारीही मेले. केरळातील कुट्टनाडात 1973-74 मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भात करपवला; इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, भारताने 1985 मध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे मित्रकीटक राखून गरजेपुरतेच औषध वापरण्याची पद्धत, धोरण म्हणून स्वीकारली आणि 1997 मध्ये बीएचसी बंद केली. लावणीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात पानांवरील अळीसाठी फवारणी टाळावी, हा सल्ला त्यातूनच आला. त्या काळात कुरतडलेले पान रोप भरून काढते आणि भुंगेऱ्यांना खाचरात जम बसवायला अवधी मिळतो.