तांबटाचे कान आणि घड्याळाची टिकटिक

‘टुक टुक’ असा एकसुरी आवाज काढणाऱ्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटावरून हे नाव पडले. पण दिवसभर ठोकणाऱ्या त्या माणसाच्या कानांचे काय होते? इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने त्याकडे लक्ष दिले. कामगारांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ मध्ये वाढवला गेला. व्हेनिसचे तांबट हळूहळू बहिरे होतात, अशी नोंद त्यात आहे.

प्रत्यक्ष मोजमाप ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १८८६ मध्ये केले. त्यांनी १०० बॉयलर-कामगार, १०० ओतारी आणि १०० पोस्टमन तपासले. साधन होते खिशातले घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, एवढेच पाहायचे. बॉयलर-कामगारांपैकी एकाचेही कान निर्दोष निघाले नाहीत. पोस्टमन कशासाठी? शांत कामाशी तुलना केल्याशिवाय दोष वयाचा की आवाजाचा, हे ठरत नाही. विद्यार्थ्यांना तुलनागट समजावण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

१९२२ च्या सुमारास अमेरिकेत विजेवर चालणारा श्रवणमापक तयार झाला. एकेका वारंवारतेचा स्वर ऐकवून कानाचा आलेख काढता येऊ लागला. गोंगाटाने होणारी हानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते, हे या आलेखांतून स्पष्ट झाले. बोलण्यातील स्वर त्याहून खालच्या वारंवारतेचे असल्याने सुरुवातीला कामगाराला काही जाणवत नाही. पुढे ‘स’सारखी व्यंजने निसटतात, ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू येते. तोवर आंतरकर्णातील केशपेशी मेलेल्या असतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजची औद्योगिक वसाहत १९८० च्या दशकात वाढत होती. कारखाने अधिनियमाच्या सूचनीय रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा समाविष्ट झाला. २०२० च्या संहितेच्या यादीतही तो आहे.

मात्र तपासणीने गेलेले ऐकणे परत येत नाही. तिचा उपयोग तुलनेत आहे. कामाला लागतानाचा आलेख जपून ठेवावा आणि दरवर्षीचा त्याच्याशी ताडावा. ४००० हर्ट्झला खळगा दिसू लागला, तर यंत्राचा आवाज आणि त्याजवळचे तास कमी करायला हवेत. आपल्या वर्गातली काही मुले उद्या प्रेसशॉपमध्ये कामाला लागतील. ‘माझा पहिला आलेख कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांना विचारता यावा, एवढे आपण नक्कीच शिकवू शकतो.