हमिंग (ध्वनियंत्रणा)

हमिंग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर इत्यादींच्या ध्वनियंत्रणेतून मूळ ध्वनीसोबत ऐकू येणारी खालच्या स्वरातील अखंड गुणगुण होय. तिचा उगम वीजपुरवठ्यात असतो. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्झ वारंवारितेची असल्याने ही गुणगुण मुख्यतः ५० किंवा १०० हर्ट्झची असते. १०० हर्ट्झचा ध्वनी खर्जातील ‘पांढरी पाच’पेक्षा (सुमारे ९८ हर्ट्झ) किंचित चढा असतो; केवळ तानपुरा ऐकू येत असताना तो विशेष खटकतो.

कारणे

दोन उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडलेली असून त्यांच्यामध्ये ध्वनीची केबलही असल्यास अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण होते. दोन्ही ठिकाणच्या विद्युतदाबातील सूक्ष्म फरकामुळे केबलच्या आवरणातून प्रवाह वाहतो व गुणगुण उमटते. घरगुती उपकरणांतील ध्वनिसंकेत सुमारे ०.३ व्होल्टचा असतो, तर रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा संकेत केवळ काही मिलिव्होल्टचा; म्हणून अल्प प्रवाहही ऐकू येतो.

याउलट सॉकेटमध्ये अर्थिंग नसल्यास संगणकासारख्या उपकरणाच्या धातूच्या पेटीवर दाब साचतो. पेटीला हात लावताच झिणझिण्या येणे हे त्याचे लक्षण होय.

अ‍ॅम्प्लिफायरमधील जुना झालेला कपॅसिटर १०० हर्ट्झची गुणगुण निर्माण करतो. मिक्सर किंवा दिव्यांचा डिमर यांमुळे मात्र गुणगुणीऐवजी खरखर ऐकू येते.

निदान व उपाय

प्रथम अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याला जोडलेल्या सर्व ध्वनिकेबली काढाव्यात व तो पुन्हा सुरू करावा. तरीही गुणगुण राहिल्यास दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच असतो. ती थांबल्यास केबली एकेक करून जोडाव्यात. ज्या जोडणीनंतर गुणगुण परतते, तेथे दोष शोधावा.

सर्व उपकरणे एकाच तीन-पिन बोर्डावरून चालवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. ध्वनीच्या केबली विजेच्या वायरींपासून दूर ठेवाव्यात. त्या ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडाव्यात. दूरचित्रवाणी संच प्रकाशीय केबलने जोडल्यास दोन उपकरणांतील विद्युतसंपर्कच राहत नाही. अन्यत्र ध्वनिसंकेताच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर वापरतात. रेकॉर्ड प्लेअरची स्वतंत्र अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूला जोडावी.

सुरक्षितता

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकण्याची पद्धत आढळते. तिने आवाज थांबू शकतो. परंतु पुढे आतील फेज वायर पेटीला चिकटल्यास संपूर्ण पेटी २३० व्होल्टवर राहते आणि स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. अर्थिंगविषयीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ ही होय. गळती ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच वीज तोडणारा आरसीसीबी हे अधिकचे संरक्षण आहे, अर्थिंगचा पर्याय नव्हे.

पुणे परिसर

पुणे परिसरात अनेक ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली बेसाल्टचा कातळ आहे. कोरड्या कातळातून वीज सहजी वाहत नसल्याने उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होते. त्यासाठी अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालतात. सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीसारख्या भागात गावठाणातील जुनी घरे व नवी गृहसंकुले शेजारीशेजारी आहेत. जुन्या घरातील सॉकेटला तिसरे छिद्र असले, तरी त्यामागे अर्थ वायर असेलच असे नाही. अशा घरात महागडी केबल घेण्यापूर्वी परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घेणे आवश्यक ठरते.