ओहमचा नियम आणि खोपोलीची वीज

मी शिरवण्यास राहतों. जुईनगर स्टेशनांतून जाणाऱ्या हार्बर मार्गावरील गाड्यांचा आवाज रात्रीं उशिरापर्यंत कानीं येतो, आणि तो ऐकला म्हणजे मला एका विद्यार्थ्याची आठवण होते. मी शाळेंत विज्ञान शिकवीत असतां फळ्यावर दोन सूत्रें लिहून देत असें. विजेच्या दाबाला प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध निघतो, आणि दाबाला प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते. एके दिवशीं तो मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पहिल्या सूत्राप्रमाणें दाब वाढला कीं प्रवाह वाढतो. मग दुसऱ्यांत दाब वाढविल्यावर प्रवाह कमी कसा लागतो?" मला उत्तर सुचलें नाहीं. मीं त्याला खालीं बसविलें. तें उत्तर आज द्यावें असा विचार आहे.

पहिलें सूत्र गिऑर्ग ओहम याचें. कुलपें करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा जर्मनींत कोलोन शहरीं शाळामास्तर होता. प्रयोगांसाठीं त्यानें प्रथम बॅटरी वापरली, परंतु तिचा दाब एकसारखा टिकेना. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यानें तांबें व बिस्मथ या धातूंचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला कीं स्थिर दाब मिळे. त्यामुळें तारेची लांबी बदलली असतां प्रवाह कसा बदलतो हें त्याला बिनचूक मोजतां आलें. १८२७ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वदेशांत त्याची फारशी कदर झाली नाहीं, आणि कोलोनची नोकरीहि त्यानें सोडली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ले पदक दिलें. १८८१ सालच्या पॅरिसच्या परिषदेनें रोधाच्या एककाला त्याचें नांव दिलें.

१८४० च्या सुमारास जूल या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ही उष्णता म्हणजे वाटेंत वाया जाणारी वीज.

आतां आपण आपल्याकडे येऊं. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें वीजघर सुरू झालें. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून घाटाखालीं आणून त्यावर यंत्रें फिरविलीं, आणि ती वीज सुमारें ७० किलोमीटर दूर मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. ती पाठविली १,००,००० व्होल्ट दाबानें. एवढा दाब कशाला?

सोपे आंकडे घेऊन हिशेब करूं. समजा, १०,००० किलोवॅट शक्ति पाठवावयाची आहे आणि तारेचा रोध १० ओहम आहे. दाब एक लाख व्होल्ट असेल तर प्रवाह १०० अँपिअर पुरे. प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध, म्हणजे नुकसान १०० किलोवॅट, शेंकडा एक. दाब हजार व्होल्टच ठेविला तर प्रवाह १०,००० अँपिअर लागेल, आणि नुकसानच १०,००,००० किलोवॅट होईल. पाठवावयाच्या शक्तीच्या शंभरपट! तें अर्थातच अशक्य.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. एक लाख व्होल्ट हा तारेच्या दोन टोकांमधील दाब नव्हे. तो जाणाऱ्या व परतणाऱ्या तारांमधील दाब. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० अँपिअर गुणिलें १० ओहम, म्हणजे १,००० व्होल्टच खर्च होतात. ओहमचा नियम तारेला लावावयाचा तर हे हजार व्होल्ट घ्यावयाचे. दोन्ही सूत्रें खरीं. मात्र दाब कोणत्या दोन बिंदूंमधला, हें आधीं विचारिलें पाहिजे. मीं तें कधीं विचारिलेंच नव्हतें.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही भारतांतील पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावरून धांवली. दाब १,५०० व्होल्ट. पंधरा लक्ष वॅट शक्ति घेण्यास या दाबानें १,००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टनें साधारण ६० पुरतात. तार तीच असेल तर नुकसान सुमारें पावणेतीनशें पटींनीं घटतें. मुंबईच्या गाड्यांचा दाब टप्प्याटप्प्यानें २५,००० व्होल्ट झाला, आणि एप्रिल २०१६ मध्यें हार्बर मार्गाचेंहि रूपांतर पुरें झालें.

हा हिशेब घरींहि उपयोगी आहे. २३० व्होल्टवर चालणारी १,५०० वॅटची किटली सुमारें साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध सुमारें ३५ ओहम. प्लग सैल बसून तेथें एक ओहम रोध उत्पन्न झाला, तर त्या एवढ्याशा जागीं ४० वॅट उष्णता साठूं लागते. म्हणजे डाग देण्याच्या विजेच्या डागणीइतकी. किटली मात्र नेहमींप्रमाणेंच तापत राहते, म्हणून कोणाला संशय येत नाहीं. प्लग हाताला गरम लागला, तर बटण बंद करून तो ताबडतोब दुरुस्त करून घ्यावा.

तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. त्याचा प्रश्न बरोबर होता, एवढें मीं त्या दिवशीं कबूल करावयास हवें होतें.