दुसरा साक्षीदार

एकट्याच्या साक्षीवर निवाडा देताना न्यायाधीश कचरतो. प्रयोगशाळेने हा संकोच अंगी बाणवला, त्याला आता शंभर वर्षे झाली. १९२४-२५ मध्ये बर्लिन येथे वाल्टर बोटे आणि हान्स गायगर यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो, तेव्हा विखुरलेला किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन एकाच क्षणी निघतात काय? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रत्येक घटनेत पाळला जातो की केवळ सरासरीने, हे त्या उत्तरावर अवलंबून होते. आणि नील्स बोर व त्यांचे दोन सहकारी सरासरीच्या पक्षाचे होते. बोटे व गायगर यांनी दोन गणक मांडले, एक किरणासाठी आणि एक इलेक्ट्रॉनसाठी. दोन्हींच्या नोंदी इतक्या वेळा एकाच क्षणी पडल्या की त्यांना योगायोग म्हणता येईना. बोर यांचा पक्ष मागे पडला. या समकालिक नोंदींच्या पद्धतीसाठी बोटे यांना १९५४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

पद्धतीचे गणित सोपे आहे. यंत्र कितीही नाजूक असले तरी त्यात खोट्या खुणा उमटतातच; कधी धातूच्या अणूंची औष्णिक थरथर, कधी जमिनीचा कंप, कधी विजेच्या प्रवाहातील चढउतार. समजा, प्रत्येक यंत्रात शंभर क्षणांतून एकदा अशी खूण उमटते. मग दोन यंत्रांत ती एकाच क्षणी उमटण्याचा संभव दहा हजारांत एक एवढाच उरतो. मात्र हा गुणाकार एका अटीवर खरा ठरतो. दोन्ही साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत, आणि त्यांचे म्हणणे टिपून घेणाराही निःपक्ष असला पाहिजे.

ही अट किती कठोर आहे, हे गुरुत्वीय लहरींच्या शोधाने दाखवून दिले. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये भाकीत केलेल्या या लहरी अवकाशालाच ताणतात आणि आखडतात. परंतु पृथ्वीपर्यंत येता येता तो ताण कल्पनातीत सूक्ष्म होतो. मेरीलँड विद्यापीठातील जोसेफ वेबर यांनी तो टिपण्यासाठी टनाहून अधिक वजनाचे ॲल्युमिनियमचे दंडगोल टांगले. एक मेरीलँडमध्ये, तर दुसरा सुमारे हजार किलोमीटर दूर, शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत. दोहोंत एकाच वेळी कंप उमटल्याचे त्यांनी १९६९ मध्ये जाहीर केले. योगायोग ओळखण्याची त्यांची युक्ती विलक्षण होती. एका यंत्राची नोंद मुद्दाम काही काळ मागे सरकवायची आणि मग जुळण्या मोजायच्या. अशा सरकवलेल्या नोंदींत जी जुळणी दिसेल ती निव्वळ योगायोगाचीच असणार. न सरकवता तिच्याहून अधिक जे दिसेल, तेवढेच विचारात घ्यायचे.

अमेरिकेत आणि युरोपात इतरांनी अशीच यंत्रे उभारली. त्यांना काहीच आढळले नाही. पुढे वेबर यांनी आपल्या आणि रॉचेस्टर येथील यंत्राच्या नोंदींतही जुळणी असल्याचे सांगितले, तेव्हा एक गोष्ट उघडकीस आली. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांची प्रमाणवेळ वेगळी होती. ज्या नोंदी समकालीन मानल्या गेल्या, त्यांच्यात चार तासांचे अंतर होते. वेबर यांच्याच कसोटीने पाहिले तर या नोंदी आधीच सरकलेल्या होत्या. तिथे जुळणीचे आधिक्य दिसायलाच नको होते. ते दिसले, याचा अर्थ ते वाचणाऱ्याच्या अपेक्षेतून आले होते. कोणत्या उंचीच्या कंपाला खूण म्हणायचे, हे आधी ठरवून न ठेवल्याचा दोष सहकाऱ्यांनी त्यांना दिला. साक्षीदार दोन होते. जबानी लिहून घेणारा हात एकच होता.

हा धडा पुढच्या पिढीने विसरला नाही. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या तीन हजार किलोमीटर दूरच्या ठिकाणी लायगोची जुळी यंत्रे उभी राहिली. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी यंत्रांत गुपचूप एक कृत्रिम खूण घातली. संशोधकांनी ती महिनोन्‌महिने पारखून निबंध सिद्ध केला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून त्यांना सत्य सांगण्यात आले. अपेक्षेला वेसण घालण्याची ही शिस्त होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली. आधी लिव्हिंगस्टनला आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. ती योगायोगाची असण्याचा संभव २,०३,००० वर्षांत एकदा याहूनही कमी ठरला, आणि तो काढण्यासाठी नोंदी सरकवण्याचीच रीत वापरली गेली. वेबर २००० साली वारले होते. त्यांचा दावा टिकला नाही, पण त्यांची कसोटी टिकली.

दोन साक्षीदार घटना सिद्ध करतात. तिची दिशा सांगायला तिसरा लागतो. दूरदूरच्या यंत्रांच्या अशा जाळ्याचा गणिती विचार संजीव धुरंधर यांनी मास्सिमो तिंतो यांच्यासमवेत १९८८ मध्येच मांडला होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, तेव्हा इटलीतील व्हर्गो या यंत्रात तिची खूण अतिशय क्षीण होती. पण प्रत्येक यंत्राला आकाशाच्या काही दिशा ऐकू येत नाहीत; अर्थात स्रोत व्हर्गोच्या त्या बहिऱ्या दिशेनजीक असला पाहिजे. या जवळजवळच्या मौनानेच शोधाचे क्षेत्र आकसले, आणि काही तासांत दुर्बिणींना तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तो प्रकाश सापडला.

असाच आणखी एक दूरचा साक्षीदार हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, अशी आख्यायिका तिथे सांगितली जाते. श्रद्धेला एक भक्त पुरतो. विज्ञानाला मात्र दुसरा लागतो, आणि तोही असा की पहिल्याने काय सांगितले हे ज्याला ठाऊक नाही.