हृदयाचें अरुंद द्वार

फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत येतें आणि दोन पडद्यांच्या झडपेंतून खालच्या कप्प्यांत उतरतें. बाळपणीं संधिवाताचा ताप येऊन गेला म्हणजे कित्येकांत या पडद्यांच्या कडा पुढें हळूहळू एकमेकींस चिकटतात. द्वार अरुंद होतें, मागें रक्त तुंबतें, त्याचा भार फुप्फुसांवर पडतो, आणि रोग्यास चार पायऱ्या चढतांनाही धाप लागते. डिजिटॅलिस देऊन नाडी मंद केली, तर त्या चिंचोळ्या वाटेनें रक्त उतरण्यास अवसर मिळे. परंतु वाट कांहीं रुंद होत नसे.

ती वाट शस्त्रानेंच मोकळी करावी, ही कल्पना लंडनचे सर लॉडर ब्रंटन यांनीं १९०२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें मांडली. तिच्यावर टीकाच अधिक झाली. १९२३ सालीं बोस्टन येथें एलियट कट्लर यांनीं एका मुलीची झडप सुरीनें छेदली. ती चार वर्षांहून अधिक जगली. त्यांचे पुढचे रोगी मात्र वांचले नाहींत.

६ मे १९२५ रोजीं लंडन हॉस्पिटलांत हेन्री सूटर यांनीं धडधडत्या हृदयांत तर्जनी घातली. रक्त उलट उसळत असल्याचें बोटास जाणवलें. पडदे कापल्यास गळती वाढेल हें ओळखून त्यांनीं सुरी बाजूस ठेविली आणि बोटानेंच वाट रुंद केली. रोगी मुलगी बरी होऊन घरीं गेली. तथापि सूटर यांजकडे दुसरा रोगी कोणीं धाडलाच नाहीं! खरा दोष हृदयाच्या स्नायूंत आहे, झडपेचें अरुंदपण गौण होय, असें सर जेम्स मॅकेंझी यांच्यासारख्या थोर वैद्यांचें मत होतें; त्या मतापुढें बोटाचा पुरावा फिका पडला.

त्यानंतर तेवीस वर्षें गेलीं. फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांचे पहिले चार रोगी दगावले. चौथा तर १० जून १९४८ च्या सकाळीं. त्याच दिवशीं दुपारीं, दुसऱ्या रुग्णालयांत, त्यांनीं पांचव्या रोग्याची झडप चिकटलेल्या कडांवरच मोकळी केली, आणि तो रोगी वांचला. सहा दिवसांनीं बोस्टनांत ड्वाइट हार्कन यांस, व सप्टेंबरांत लंडन येथें रसेल ब्रॉक यांस यश आलें.

१९८२ सालीं जपानांत कांजी इनोऊए यांनीं छाती न उघडतां, जांघेच्या शिरेवाटे फुगा नेऊन तेंच द्वार रुंद केलें. हिंदुस्थानांत या तापानें बिघडलेल्या झडपांचे रोगी आजही पुष्कळ आढळतात. त्यांपैकीं अनेकांस हाच उपाय लाभतो. सूटर यांच्या बोटानें १९२५ सालीं जें केलें, तेंच हा फुगा करतो. मधल्या काळांत मात्र किती रोगी धापा टाकीत गेले, याची गणती कोणीं ठेविलेली नाहीं.