हरलेल्या गुरूची परंपरा

एखाद्या क्रीडासंघाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे त्याच्या विजयांची यादी वाचावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी ज्या संघाविषयीं बोलणार आहें, त्याच्यापाशीं विजयांची वाण नाहीं. परंतु त्याच्या इतिहासाच्या आरंभीं असा एक गृहस्थ उभा आहे, कीं त्यानें जिंकलेल्या सामन्यांपेक्षां हरलेलेच सामने अधिक भरतात. आणि नवल हें, कीं तो खेळ त्यानें स्वतःच शोधून काढला होता! हा संघ अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाचा, खेळ बास्केटबॉल, आणि गृहस्थ डॉक्टर जेम्स नेस्मिथ.

नेस्मिथ मूळचे कॅनडांतले. त्यांचा जन्म १८६१ चा. नऊ वर्षांचे असतांनाच आईबापांचें छत्र हरपलें. शिक्षण धर्मोपदेशकाचें झालें. पण व्यासपीठावरून जो उपदेश करावयाचा तो क्रीडांगणावरूनहि करतां येईल, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि ते मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकशाळेंत आले. १८९१ च्या हिवाळ्यांत तेथें एक पेंच पडला. बाहेर बर्फ, आंत त्याच त्या कवाइतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी! वरिष्ठांनीं नेस्मिथना पंधरा दिवसांची मुदत दिली आणि छपराखालीं, हातपाय न मोडतां खेळतां येईल असा खेळ काढावयास सांगितलें.

नेस्मिथनीं केलेला विचार मोठा मार्मिक आहे. खेळांत धसमुसळेपणा कां होतो? चेंडू घेऊन धांवणाऱ्याला अडवावें लागतें म्हणून. तर मग चेंडू घेऊन धांवूंच द्यावयाचें नाहीं! चेंडू जिवाच्या करारानें कां फेंकतात? लक्ष्य समोर उभें असतें म्हणून. तर मग तें डोक्यावर, आडवें ठेवावें, म्हणजे चेंडू अलगदच टाकावा लागेल. पीचच्या दोन टोपल्या मिळाल्या. त्या सुमारें दहा फूट उंचीवरच्या सज्जाला ठोकल्या. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि खेळ सुरू झाला.

१८९८ सालीं डॉक्टरीची पदवी घेऊन नेस्मिथ कॅन्ससमधील लॉरेन्स गांवीं आले. विद्यापीठांतील प्रार्थना आणि व्यायाम हीं दोन्ही कामें त्यांजकडे सोंपविण्यांत आलीं. विद्यापीठाचा पहिला सामना ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं झाला. कॅन्सस सिटीच्या वाय. एम. सी. ए. नें खेळाच्या जनकाचा संघ १६ विरुद्ध ५ गुणांनीं हरविला! १९०७ पर्यंत संघ त्यांच्याकडे होता. हिशेब झाला ५५ जय आणि ६० पराजय. या संघाच्या पुढील कोणाहि शिक्षकाच्या नांवावर असा तोट्याचा ताळेबंद नाहीं. पण नेस्मिथना त्याची खंत नव्हती. कित्येक सामन्यांत ते पंचाचें काम करीत. खेळ शरीरासाठीं आणि शीलासाठीं. जय आला तर आला, अशी त्यांची धारणा होती.

त्यांचा शिष्य अगदीं उलट प्रकृतीचा निघाला. फॉरेस्ट ॲलन याचा आवाज भोंग्यासारखा, म्हणून 'फॉग' हें टोपणनांव त्याला कायमचें चिकटलें. बास्केटबॉल शिकविण्याची नोकरी धरतों, असें त्यानें सांगितलें तेव्हां, हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, असें गुरूनें त्याला बजावल्याची कथा प्रसिद्ध आहे. ॲलननें तें ऐकलें नाहीं. १९०७ ते १९०९ आणि पुढें १९१९ ते १९५६ एवढा काळ त्यानें कॅन्ससचा संघ घडविला आणि ५९० सामने जिंकले. केंटकीचे ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ हे पुढें नामांकित झालेले शिक्षक त्याच्याच हाताखालीं खेळले. परंतु हा शिष्य गुरुद्रोही नव्हता. ऑलिंपिकमध्यें या खेळाला स्थान मिळावें म्हणून तो वर्षानुवर्षें झटला. १९३६ सालीं बर्लिन येथें ७४ वर्षांच्या नेस्मिथनीं देशोदेशींचे संघ आपल्या खेळांत रंगलेले पाहिले. तेथील अंतिम सामना पावसांत, चिखलांत झाला. अमेरिकेनें कॅनडाला १९ विरुद्ध ८ गुणांनीं हरविलें. एक त्यांची कर्मभूमि, दुसरी जन्मभूमि!

येथवरचा इतिहास अभिमानाचा झाला. आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी या विद्यापीठांत आला. त्याला बास्केटबॉलचा ध्यास. पण विद्यापीठाच्या संघांत कृष्णवर्णीयाला प्रवेश नव्हता. संघ ॲलनचा होता आणि हें दार त्यानें उघडलें नाहीं. वृद्ध नेस्मिथनीं मात्र या मुलाला जवळ केलें आणि खेळाचें मर्म शिकविलें. मॅक्लेंडन १९३६ सालीं पदवीधर झाले. ज्या विद्यापीठानें त्यांना ही विद्या दिली, त्याच्या संघांत ते एकदांहि उतरले नाहींत.

ही विद्या फळाला आली ती दूर डरहॅम शहरीं. तेथें कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत मॅक्लेंडन शिक्षक होते. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. शहर देवळांत गेलेलें. अशा वेळीं ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा गोरा संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेंत आला. दारें बंद केलीं, कारण गोऱ्या-काळ्यांनीं एकत्र खेळणें हा तेथें अपराध होता. मॅक्लेंडनच्या वेगवान संघानें ८८ विरुद्ध ४४ असा विजय मिळविला. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. सामना संपल्यावर दोन्ही संघांतील मुलें मिसळलीं आणि तीं नवे गडी पाडून पुन्हां खेळलीं. ही हकीकत पन्नासएक वर्षें जगाला ठाऊक नव्हती.

कॅन्ससची पुढील कीर्ति थोडक्यांत सांगतों. १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ या चार वर्षीं या संघानें राष्ट्रीय स्पर्धेचें अजिंक्यपद मिळविलें. १९५७ सालीं विल्ट चेंबरलेन हा अजस्र कृष्णवर्णीय खेळाडू कॅन्ससकडून खेळला. तेव्हां तीन वेळां वाढविलेल्या अंतिम सामन्यांत संघ एकाच गुणानें हरला. मॅक्लेंडनला बंद असलेलें दार एव्हांना उघडलें होतें. त्याच वर्षीं मॅक्लेंडननीं टेनेसीच्या संघाला लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत विजयी केलें, आणि पुढच्या दोन वर्षींहि तेंच पद राखलें.

लॉरेन्स येथील क्रीडागृहाला आज ॲलनचें नांव आहे, आंतील क्रीडांगणाला नेस्मिथचें. तेरा नियमांचे ते मूळ कागद २०१० सालीं एका माजी विद्यार्थ्यानें लिलावांत ४३ लाख डॉलरांहून अधिक किंमत मोजून घेतले आणि आतां ते तेथेंच ठेविलेले आहेत. पण श्रोतेहो, त्या कागदांचा खरा वारस कोण? ज्यानें ५९० सामने जिंकले तो, कीं ज्याला एकहि खेळूं दिला नाहीं तो? मला वाटतें, दोघेहि. एकानें गुरूचा खेळ जगभर नेला. दुसऱ्यानें गुरूचा हेतु त्या बंद दारांच्या आंत खरा करून दाखविला. साठ पराजयांच्या त्या गुरूला याहून मोठा विजय कोणता हवा होता?